सामायिक प्रयोगशाळेची पारख

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, गेले दोन महिने कागदांचा एक गठ्ठा पडून आहे. एचआयव्हीच्या लसीवर एकत्र काम करू पाहणाऱ्या काही लहान संशोधक गटांनी आपले नमुने कोणत्या सामायिक प्रयोगशाळेकडे पाठवावेत, हे ठरवण्यासाठीची प्रश्नावली तयार करण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. रक्ताचे नमुने स्वीकारणे, वेगळे करणे, गोठवणे, तपासणे आणि पुढे इतर प्रयोगशाळांचे काम पाहून त्यावर अहवाल लिहिणे यांतच माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे मी ते आनंदाने घेतले. मात्र हाती आलेला जुना मसुदा वाचताना मी अस्वस्थ झाले, कारण त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न यंत्रांविषयी होते: पेशी एकेक करून मोजणारा फ्लो सायटोमीटर कोणत्या वर्षीचा आहे, त्यात किती लेझर आहेत, उणे ८० अंशांचे डीप फ्रीझर किती आहेत. नमुन्याविषयीचे प्रश्न शेवटच्या दोन पानांवर दाटीवाटीने बसवलेले होते.

माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पैसा उभा राहिला की यंत्र विकत घेता येते आणि बिघडले तर दुरुस्तही होते. लस घेतलेल्या एखाद्या स्वयंसेवकाचे दुसऱ्या डोसानंतर दोन आठवड्यांनी काढलेले रक्त मात्र एकदा वाया गेले की कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण थायलंडमधल्या आरव्ही १४४ या एचआयव्ही लसीच्या चाचणीचे आहे. २००९ मध्ये तिचा निकाल जाहीर झाला, तिच्यात १६,४०२ स्वयंसेवक होते, आणि लसीमुळे संसर्गाचा धोका सुमारे ३१.२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. लस वापरात आणण्यासाठी एवढे संरक्षण पुरेसे नव्हते; पण माणसात एचआयव्हीपासून थोडे तरी संरक्षण देणारी लस पहिल्यांदाच दिसली होती, आणि ते संरक्षण कशामुळे मिळाले हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी, लस घेऊनही संसर्ग झालेल्या ४१ जणांचे आणि लस घेऊन संसर्ग न झालेल्या २०५ जणांचे साठवलेले नमुने अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासले. थेट या मौल्यवान नमुन्यांना हात घालण्याआधी प्रयोगशाळेतल्या कोणत्या चाचण्या विश्वासार्ह आहेत हे वेगळ्या नमुन्यांवर पारखून घेतले गेले आणि मगच सहा मोजमापांना मुख्य स्थान देण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून, विषाणूच्या आवरणावरील व्ही१-व्ही२ या भागाला चिकटणारे प्रतिपिंड (विषाणूला ओळखून त्याला चिकटणारी, शरीराने तयार केलेली प्रथिने) ज्यांच्या रक्तात अधिक होते त्यांच्यात संसर्ग कमी आढळला, हे समोर आले. त्या ४१ जणांपैकी दहाजणांच्या नळ्या जरी कुठल्या फ्रीझरमध्ये वितळल्या असत्या, तरी हा निष्कर्ष कदाचित हाती लागला नसता. मी प्रश्नावलीचा पहिला भाग लिहायला बसले तेव्हा हा ४१ चा आकडा एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवला होता.

सामायिक प्रयोगशाळा हव्यातच कशाला, असा प्रश्न आमच्या गटातल्या एका तरुण सहकाऱ्याने मला विचारला. "ताई, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी तपासले आणि आकडे एकत्र केले तर काय बिघडेल?" तो म्हणाला. बिघडते ते असे, की पुण्यातल्या प्रयोगशाळेने एका लसीचा प्रतिसाद मोजला आणि नैरोबीतल्या प्रयोगशाळेने दुसऱ्या लसीचा, तर दोन आकड्यांमधला फरक लसींमधला आहे की मोजणाऱ्या हातांमधला, हे कोणालाच सांगता येत नाही. या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत एकामागून एक निराशा पदरी आल्या आहेत: २००७ मध्ये स्टेप ही लसीची चाचणी थांबवावी लागली, २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील उहांबो, २०२१ मध्ये इम्बोकोडो आणि २०२३ च्या सुरुवातीला मोझाइको. पुढची लस आधीच्यांपेक्षा बरी आहे का हे ठरवायचे असेल, तर सर्वांना एकाच मापाने मोजावे लागते. २००३ मध्ये काही आघाडीच्या शास्त्रज्ञांनी एचआयव्ही लसीसाठी जागतिक पातळीवर संघटित प्रयत्न व्हावेत असा प्रस्ताव मांडला आणि २००६ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या निधीतून संशोधकांचे जे मोठे सहकार्य उभे राहिले त्यात मध्यवर्ती प्रयोगशाळा मुद्दाम ठेवल्या गेल्या, त्यामागे हाच विचार होता.

भारतातल्या एचआयव्हीचा इतिहास तर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतच सुरू होतो. १९८६ मध्ये मद्रासच्या डॉ. सुनीती सोलोमन, ज्या माहेरच्या गायतोंडे, यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले; पण मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती, म्हणून ते नमुने रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेण्यात आले. तिथल्या, रक्तातले प्रतिपिंड शोधणाऱ्या एलिसा चाचणीत काही नमुने बाधित ठरले आणि पुढची खात्री अमेरिकेतल्या वेस्टर्न ब्लॉट या अधिक काटेकोर चाचणीने झाली. एका शहरात रक्त काढले, दुसऱ्या शहरात तपासले, परदेशात पडताळले: सामायिक सोयीचा याहून जुना आणि याहून महत्त्वाचा दाखला आपल्याकडे नाही. नंतर १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, २००५ मध्ये तिथे आणि त्यानंतर चेन्नईला लसींच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, आणि दोन शहरांत मिळून एकच चाचणी घेण्यापर्यंत आपण पोहोचलो.

आता नमुन्याच्या प्रवासाकडे येते, कारण पारख करताना माझा सर्वाधिक वेळ तिथे जातो.

लसीमुळे रक्तातल्या टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जाग्या झाल्या का हे पाहायचे असेल तर त्या पेशी जिवंत असाव्या लागतात. रक्त काढल्यापासून काही तासांच्या आत ते फायकोल या, पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, मधोमध जो पांढुरका थर जमतो तो अलगद उचलतात, धुतात, पेशी मोजतात आणि गोठताना पेशींना जपणारे डीएमएसओ हे रसायन मिसळलेल्या द्रवात घालून मिनिटाला साधारण एक अंश या संथ गतीने गोठवतात. यात एक समजूत फार चिवट आहे. रक्त म्हटले की बर्फाच्या पेटीत ठेवावे, असे वाहतूक करणाऱ्यालाच काय, पुष्कळ परिचारिकांनाही वाटते. परंतु या कामासाठीचे रक्त थंड केले तर त्यातल्या ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते, त्या नको त्या थरात मिसळतात आणि टी पेशींचे काम मंदावते. ते रक्त साध्या खोलीच्या तापमानालाच ठेवायचे असते. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा "खोलीचे तापमान" म्हणजे नेमके काय, हा प्रश्न लंडनमध्ये लिहिलेल्या कार्यपद्धतीत कोणी विचारलेला नसतो. म्हणून मी नव्या प्रश्नावलीत असे घातले आहे की, रुग्णालयाच्या दारापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पेटीत तापमान नोंदवणारे उपकरण ठेवावे आणि उन्हाळ्यातल्या किमान दहा फेऱ्यांची नोंद दाखवावी. हिवाळ्यातली नोंद मी स्वीकारणार नाही.

गोठवलेल्या पेशींचे पुढचे घर म्हणजे लिक्विड नायट्रोजनची टाकी. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये पेशी काही दिवस तग धरतात, पण आठवड्यांमागून आठवडे तिथे राहिल्या तर हळूहळू मरू लागतात. वर्षानुवर्षांच्या साठवणुकीसाठी नायट्रोजनच्या वाफेतले, म्हणजे उणे १५० च्या आसपासचे किंवा त्याहून खालचे तापमान लागते. टाकीचे झाकण वारंवार उघडून, शेजारची नळी काढताना बाकीच्या नळ्या वर-खाली करूनही पेशींचे नुकसान होते, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. नळी बाहेरून तशीच दिसते, लेबल तसेच असते, आतल्या पेशी मात्र गेलेल्या असतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत काम करत असताना, वितळवलेल्या पेशींपैकी जिवंत निघणाऱ्यांचे प्रमाण अचानक घसरले. आम्ही द्रावण बदलले, सीरमची बॅच बदलली, सेंट्रिफ्यूजचे कॅलिब्रेशन पुन्हा करून घेतले, आणि काहीच फरक पडला नाही. शेवटी मी नायट्रोजनच्या पातळीची नोंदवही घेऊन बसले. रोज सकाळी पट्टी बुडवून पातळी मोजायची आणि सही करायची, असा नियम होता. वहीत एकही दिवस रिकामा नव्हता, आणि तिथेच मला शंका आली: दिवाळीचे चारही दिवस भरलेले होते, आकडा चारही दिवस एकच होता, शाई आणि अक्षरही एकच, आणि त्या चार दिवसांत इमारतीला कुलूप होते हे मला ठाऊक होते. त्या टाकीत जे नमुने होते त्यांच्यातले पुष्कळसे आम्हाला टाकून द्यावे लागले. ज्या माणसांनी सुईची भीती बाजूला ठेवून, घरच्यांना समजावून, कामाचा दिवस बुडवून ते रक्त दिले होते, त्यांचे चेहरे मला आठवत होते, कारण त्यांच्यातल्या काहींच्या दंडाला मीच पट्टा बांधला होता. तेव्हापासून मी कोणत्याही प्रयोगशाळेत गेले की आधी नायट्रोजनची वही मागते, आणि वहीत एखादा दिवस रिकामा असून त्याखाली "मापन झाले नाही, कारण अमुक" असे लिहिलेले दिसले तर मला बरे वाटते.

तपासण्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर दोन चाचण्यांना मी अधिक महत्त्व देते. पहिली एलिस्पॉट, जिच्यात विषाणूचे तुकडे दाखवल्यावर इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवणाऱ्या पेशींचे ठिपके मोजतात. वितळवलेल्या पेशींना रात्रभर विश्रांती दिली की नाही, सीरम कोणते वापरले, ठिपके मोजणाऱ्या यंत्रात किती लहान ठिपक्यापर्यंत मोजायचे ठरवले आहे, अशा बारीक गोष्टींनी तिचा आकडा बदलतो. दुसरी चाचणी टीझेडएम-बीएल नावाच्या पेशींवरची. या पेशींत विषाणू शिरला की ल्युसिफरेज या विकरामुळे प्रकाश निर्माण होतो, आणि रक्तातल्या प्रतिपिंडांनी विषाणूला अडवले तर प्रकाश कमी होतो. रक्त किती पट पातळ केल्यावर प्रकाश निम्म्यावर येतो ते मोजायचे. तिथे एकदाच शिरू शकणारा, पुढे वाढू न शकणारा कृत्रिम विषाणू वापरतात, त्यामुळे जिवंत विषाणूच्या वाढीसाठी लागणारी कडक बंदिस्त खोली नसलेल्या प्रयोगशाळेलाही ती करता येते.

ही चाचणी केवळ कागदावरची नाही, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एएमपी या माणसांवरच्या चाचण्यांनी दाखवले. तिथे व्हीआरसी०१ हा प्रतिपिंड शिरेतून दिला होता. एकूण संसर्ग त्याने लक्षणीय प्रमाणात रोखला नाही, पण टीझेडएम-बीएल चाचणीत जे विषाणू त्या प्रतिपिंडाला सहज बळी पडतात असे ठरले होते, त्यांच्यापासून सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा माणसातल्या संरक्षणाशी जुळला. एवढे वजन असलेल्या आकड्यात सापळेही आहेत. स्वयंसेवक जर एचआयव्ही टाळण्यासाठीची प्रेप गोळी घेत असेल, तर रक्तात उतरलेले औषधच विषाणूला अडवते आणि प्रतिपिंड नसतानाही ते असल्याचा भास होतो. म्हणून एचआयव्हीशी संबंध नसलेला, उंदरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूचे आवरण घातलेला कृत्रिम विषाणू सोबत ठेवून पाहतात. तोही अडला तर अडवणारी गोष्ट एचआयव्हीचे प्रतिपिंड नव्हे. जी प्रयोगशाळा ही जोड-चाचणी न करता अहवाल पाठवते तिच्याकडे कितीही नवे यंत्र असले तरी मी तिला पसंती देणार नाही. शिवाय भारतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात एचआयव्हीचा सी हा उपप्रकार प्रामुख्याने आढळतो. तपासणीच्या विषाणूसंचात भारतीय सी उपप्रकाराचे विषाणू आहेत का, हा प्रश्न जुन्या मसुद्यात नव्हता याचे मला नवल वाटते.

मग प्रत्यक्ष पारख कशी करायची? मला एकच पद्धत भरवशाची वाटते. एकाच रक्ताच्या दोन नळ्या, दोन वेगळ्या क्रमांकांनी, काही आठवड्यांच्या अंतराने त्याच प्रयोगशाळेकडे पाठवायच्या, आणि तिसरी नळी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे. विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या मोजमापात तीन पटींच्या आतला फरक चालतो. त्याहून मोठा असेल तर कारण शोधावे लागते. अशा परीक्षेत एखादी प्रयोगशाळा एकदा नापास झाली म्हणून मी तिला बाद करत नाही. नापास झाल्यावर तिने काय केले ते पाहते: कोणाला कळवले, कोणते जुने अहवाल थांबवले, किती दिवसांत कारण सापडले, आणि ते लिहून ठेवले का. "आमच्याकडे आजवर चाचणीची एकही फेरी फुकट गेलेली नाही" असे एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मला अभिमानाने सांगितले होते, आणि त्या दिवशी मी तिथे दोन तास अधिक थांबले.

माणसांविषयीचे प्रश्नही मी वाढवले आहेत. प्रत्येक चाचणी स्वतंत्रपणे करू शकणारे तंत्रज्ञ किती आहेत, त्यांच्यापैकी कायम किती आणि वर्षाच्या करारावर किती? एका ठिकाणी सगळी एलिस्पॉट चाचणी एकाच मुलीच्या हातात होती आणि तिचे लग्न ठरले होते. प्रयोगशाळेच्या कुठल्याही कागदावर ही गोष्ट दिसत नव्हती, ती चहाच्या वेळी कळली. वीज गेल्यावर जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो, नायट्रोजनचा टँकर कोणत्या वारी येतो, परदेशातून आलेली रसायने विमानतळावरच्या जकातीत अडकली तर त्यांच्यातला ड्राय आइस कोण भरतो, हे सारे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी विचारावेच लागतात.

"सामायिक" या शब्दाचा अर्थ मात्र रांगेत कळतो. यजमान संस्थेचे स्वतःचे नमुने पुढे आणि पाहुण्यांचे मागे, हे कोणी लिहून ठेवत नाही, पण घडते. ते ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: गेल्या सहा महिन्यांतील प्रत्येक नमुन्याची आल्याची तारीख आणि अहवाल गेल्याची तारीख मागायची, आणि यजमानांचे व पाहुण्यांचे दिवस वेगळे मोजायचे. आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे उभे केले, त्यातली फिरत्या वाचनालयांची पेटी गावोगाव जात असे. लहानपणी मध्यवर्ती ग्रंथालयात जाताना आजोबा त्या पेट्यांविषयी सांगत, आणि त्यांना पुस्तकांच्या संख्येपेक्षा शेवटच्या गावाला पेटी ठरल्या दिवशी मिळत असे याचे कौतुक अधिक होते. लहान गटाचा नमुना ठरल्या दिवशी यंत्रावर चढतो का, हे मी त्याच नजरेने पाहते.

एक प्रश्न मी सर्वांत ठळक अक्षरांत लिहिला आहे. लस घेतलेल्या निरोगी माणसाच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे साधी एलिसा चाचणी त्याला एचआयव्हीबाधित दाखवू शकते, आणि हे वर्षानुवर्षे टिकू शकते. तो माणूस उद्या रक्तदानाला गेला, परदेशी नोकरीच्या तपासणीला गेला, किंवा एखादी स्वयंसेविका गरोदर राहून प्रसूतिगृहात गेली, तर एका अहवालाने तिचे घर मोडू शकते. विषाणूची जनुकीय सामग्रीच शोधणारी चाचणी करून खरा संसर्ग आणि लसीचा परिणाम यांत फरक करता येतो. मग प्रश्न असा: दहा वर्षांनी त्या व्यक्तीने सांकेतिक क्रमांक सांगून विचारले, तर ही प्रयोगशाळा ती चाचणी विनामूल्य करून, गोपनीयता राखून, लेखी अहवाल देईल का? २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने गोपनीयतेचे बंधन घातलेले आहेच. पण कायदा असणे वेगळे आणि दहा वर्षांनी त्या दारात कोणी ओळख देणारे असणे वेगळे.

त्यातूनच निधीचा विषय येतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संस्था यांच्या नेतृत्वाखालील एचआयव्ही लस संशोधनाच्या दोन मोठ्या सहकार्यांना पुढे निधी न देण्याचे ठरवले. एवढी मोठी केंद्रे अशी अडचणीत येऊ शकतात, तर आपल्याकडील लहान सामायिक प्रयोगशाळेचे अनुदान एखाद्या मार्चअखेरीस थांबणे अगदीच शक्य आहे. तसे झाले तर टाक्या कोण भरणार, नमुने कोणाकडे जाणार, त्यासाठी स्वयंसेवकांच्या संमतिपत्रात तरतूद आहे का, आणि हे सारे करारात सहीनिशी लिहिलेले आहे का, एवढे चार प्रश्न मी जोडले आहेत. या चारांपैकी एकाचेही उत्तर "नाही" आले, तर त्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवू नये असे मी गटाला कळवले आहे.

सुधारलेला मसुदा काल पाठवला. यंत्रांची यादी आता शेवटच्या पानावर आहे. निवडीसाठी पुढे आलेल्या तिन्ही प्रयोगशाळांना एवढेच सांगितले आहे की येत्या वर्षात केव्हातरी त्यांच्याकडे एकाच रक्ताच्या नळ्या वेगवेगळ्या क्रमांकांनी येतील. कोणत्या आणि केव्हा, ते एका बंद पाकिटात लिहून ठेवले आहे, आणि ते पाकीट माझ्याकडेही नाही.